ऐकायची बाज

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी बाज ताणली. पायथ्याची दोरी ढिली पडली होती. माणूस बसला की मधोमध खड्डा पडायचा, जड माणूस असला तर त्याचं बूड जमिनीला टेकायचं. बाज ताणणं एकट्याचं काम नाही. एकानं चौकटीला पाय लावून दोरी ओढायची आणि दुसऱ्यानं ओढलेला फेरा बोटांनी दाबून धरायचा, नाही तर पुढचा फेरा ओढेपर्यंत मागचा परत ढिला होतो. ओढायचं काम माझं, धरायचं सुभद्राचं. सुभद्रा माझी बायको. शेवटची गाठही तिचीच. माझ्या गाठीवर तिचा भरवसा नव्हता.

सात-आठ फेरे झाले असतील. ती म्हणाली, "अवो, माही छाती धडधड करून राह्यली."

मी दोरी ओढता ओढता म्हणालो, "तुही छाती धडधड करून राह्यली."

ती माझ्याकडं पाहतच राहिली आणि मग हसली. म्हणाली, "अकरा वर्सानं नंबर लागला म्हणायचा."

आठच्या आत ती गेली.

छाती धडधडते म्हणणाऱ्या बायकोला कोणताही नवरा चाल दवाखान्यात म्हणतो. बैलानं वैरण सोडली तरी माणूस डॉक्टर आणतो. मी तिचं वाक्य तिला परत दिलं. असं मी काऊन केलं हे समजायसाठी माझं काम समजून घ्यावं लागतं, म्हणून ते सांगतो. दिवाळी अंकवाल्यांनी मला हे काम शिकवणाऱ्या मॅडमकडं निरोप दिला होता की दगडूकाकांना म्हणा, तुमच्या कामातले चांगले चांगले अनुभव लिहा. चांगले किती ते तुम्ही ठरवा. मला एकच पाहायचं आहे, की या कामानं माझी बायको नेली का. मी चौथी शिकलो आहे, मला गोल गोल लिहिता येत नाही.

तर मी शेळ्या धरायचो.

एक संस्था दुसरबीडच्या आजूबाजूच्या गावांत शेळ्यांना लस टोचायची. टोचणारा डॉक्टर वेगळा, धरणारा मी. त्यांनी मला सदऱ्यावर लावायला कार्ड दिलं, त्यावर 'समाजसेवक' छापलं होतं, कारण 'शेळ्या धरणारा' असं छापलेलं कार्ड त्यांच्याकडं नव्हतं. सुभद्रानं ते पाहिलं आणि विचारलं की हे शेळ्यांना वाचता येतं का.

शेळी धरायची रीत असते. मान काखेत घ्यायची, एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखालून. मग तिला ओरडू द्यायचं. गप म्हणायचं नाही. समजावायच्या भानगडीत पडायचं नाही. ती ओरडते, आपण धरून राहायचं, काम झालं की सोडायचं. आता डॉक्टर लस भरेपर्यंत शेळीवाली बाई समोर उभी असते आणि मी हलू शकत नाही. बायका बोलायच्या. सुरुवात शेळीच्या दुधापासून, मग सासू, मग नवरा, मग पोटातच गेलेलं लेकरू. शेळी माझ्या काखेत ओरडते आणि बाई पदर तोंडाला लावून रडते. मी काय करणार, दोन्ही हात गुंतलेले. एका गावात तर टोचून झालं, डॉक्टर दुसऱ्या वाड्यावर गेला, तरी बाई मला शेळी सोडू देईना. म्हणे, अजून थोडी धरा, माझं सांगायचं राहिलं.

हे मॅडमनं पाहिलं. मॅडम संस्थेच्याच, तिशीतल्या, मनाच्या दुखण्याचं शिकलेल्या, बुलडाण्याहून यायच्या. म्हणाल्या, दगडूकाका, तुम्हाला प्रशिक्षणाला पाठवते. मी विचारलं, शेळ्यांच्या? म्हणाल्या, माणसांच्या.

प्रशिक्षण शेगावला, एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये, पाच दिवस. खाली भक्तांची गर्दी आणि वर आम्ही बारा जण खुर्च्यांचा गोल करून. मॅडमच शिकवायच्या. मनाचं दुखणं घेऊन कोणी आलं तर त्याला सल्ला द्यायचा नाही. तू चुकलास, तू बरोबर, असं म्हणायचं नाही. त्याचं उत्तर त्याच्याजवळच असतं, गलक्यात त्याला ते ऐकू येत नसतं. तो बोलतो ते मन लावून ऐकायचं आणि आपल्याला जे कळलं ते त्याच्यापुढं परत ठेवायचं. मधोमध तो, आपण कडेला. याला व्यक्तिकेंद्रित समुपदेशन म्हणतात आणि येणाऱ्या माणसाला क्लायंट म्हणतात. मला वाटलं, हे काम तर विहीरही करील. काठावरून ओरडलं की तीही परत देते.

मग सराव. मॅडम क्लायंट व्हायच्या आणि आम्ही एकेकानं समोर बसायचं. मॅडम म्हणाल्या, माझा नवरा दारू पितो. मी म्हणालो, हाकलून द्या. चूक. दुसऱ्या दिवशी म्हणालो, तुमच्या भावाला बोलवा, मीही येतो, दोघं मिळून समजावू. मॅडमनं विचारलं, कसं समजावणार? मी हात दाखवला. ते तर फारच चूक. तिसऱ्या दिवशी मी बोललोच नाही, त्यालाही चूक म्हणाल्या. चौथ्या दिवशी मी खुर्चीवर बसलो आणि मनात धरलं की काखेत शेळी आहे. हात गुंतवले. मॅडम म्हणाल्या, माझा नवरा दारू पितो. मी म्हणालो, तुमचा नवरा पितो आणि तुम्ही थकून गेल्या. मॅडमचे डोळे भरले.  मला नंतर कळलं की मॅडमचं लग्नच झालेलं नव्हतं. पण थकलेल्या होत्या ते खरं.

निघताना प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर चार ओळी. एक, कानात आवाज येतात. दोन, कित्येक रात्री झोप नाही. तीन, मरायच्या गोष्टी करतो. चार, खाणं सोडलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की यातलं एकही दिसलं तर नुसतं ऐकत बसू नका, माणसाला स्वतः दवाखान्यात घेऊन जा. मी तो कागद कणकेच्या खळीनं ओसरीच्या भिंतीला चिकटवला, बाजेच्या वर. बाज क्लायंटची, मला पाट. झालं केंद्र.

पहिले दोन महिने मी शिव्या खाल्ल्या. गावातली एक बाई आली, तिनं सांगितलं की दिराशी पटत नाही. मी म्हणालो, तुमचं दिराशी पटत नाही. ती म्हणाली, तेच सांगून राह्यली ना. मी म्हणालो, तुम्ही सांगता आणि कोणी ऐकत नाही असं वाटतं. ती म्हणाली, आता तुम्हीबी ऐकत नाही असंच वाटून राह्यलं, आणि उठून गेली. दुसरा एक जण अर्धा तास बोलून शेवटी म्हणाला, बरं, आता अंगारा द्या. नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, मग फॉर्म कोणता भरायचा. फॉर्मही नाही म्हटल्यावर तो माझ्याकडं अशा नजरेनं पाहू लागला जसा मीच आजारी आहे.

पुढं गावालाच नाद लागला. मी बाजारात गेलो की भाजीवाली म्हणे, भाऊ, तुमाले वांगे महाग वाटून राह्यले. न्हाव्याच्या दुकानात मी जरा हळू म्हटलं की तो वस्तरा थांबवून म्हणे, तुमाले भेव वाटते. एकदा सरपंचानं भर सभेत एका भांडकुदळ माणसाचं वाक्य त्याला तीन वेळा परत दिलं, तो माणूस खरंच शांत झाला आणि सरपंचच घाबरला.

तरी माणसं यायची थांबली नाहीत. सुदामचं सांगतो. सुदाम पंचेचाळिशीचा, पाच एकराचा शेतकरी. त्याचा बाप वारला आणि वर्षभरानं विहिरीतली मोटर चालू केली की तिच्यातून बाप बोलू लागला. बाप वाईट काही बोलत नव्हता. आज पाणी नको देऊ, उद्या दे. खालच्या कोपऱ्यात कीड आली, पाहून ये. सगळं शहाणपणाचं. लोक हसत, पण त्या साली कपाशी सुदामचीच चांगली आली, मग दोघं-तिघं हळूच विचारून गेले की तुझ्या बापाला आमच्या तुरीचं विचार. पण सुदाम रात्रंदिवस मोटरीपाशी बसू लागला. लाइट गेली की रडायचा, बापाचं तोंड दाबलं म्हणायचा. माझ्या कागदावरची पहिली ओळ. मी त्याला घेऊन बुलडाण्याला गेलो, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर महिन्याला मीच नेत होतो. तिसऱ्या महिन्यात तो बाजेवर येऊन बसला.

मग म्हणाला, "मोटरीतून आता निसतं पाणीच येते."

मी म्हणालो, "निसतं पाणीच येते."

तेव्हा तो बापासाठी पहिल्यांदा रडला. अंत्यविधीला रडला नव्हता म्हणे. मी पाटावर बसून राहिलो. शेळीसारखं धरायला काखेत काही नव्हतं, पण मी धरून राहिलो. ते दिवस आठवले की वाटतं मला काम येत होतं.

आता जे सांगायला नको ते सांगतो. काम मला एकट्याला येत नव्हतं.

वर्षभरानं मॅडम तपासणीला आल्या. त्यांना नवल वाटलं, कारण बाकीच्या गावांतली केंद्रं बंद पडली होती आणि माझ्या ओसरीत नंबर लागत होते. त्यांनी क्लायंट लोकांना एकेकट्यानं विचारलं की तुम्हाला नेमका कशानं फरक पडला. सुदाम म्हणाला, फाटकापाशी. दुसरी बाई म्हणाली, बाजेवर मोकळं झालं, पण खरं ते फाटकापाशी. तिसराही फाटकच म्हणाला. मॅडम उठून फाटकापाशी गेल्या. तिथं सुभद्रा चहाचा पेला घेऊन उभी होती.

झालं होतं असं. माणूस माझ्यापुढं पोटातलं सगळं काढायचा आणि रिकामा होऊन निघायचा. फाटकाजवळ सुभद्रा त्याला चहा द्यायची आणि दोन वाक्यांत सल्ला द्यायची. ओसरीची भिंत कुडाची, तिला चुलीपाशी सगळं ऐकू यायचं. दिराचं ताट आधी वाढत जा, मग पाहा. सुनेला माहेरी जायचं विचारू नका, तारीख विचारा. सुदामला तिनं सांगितलं होतं की बाप जे जे बोलला ते आठवतं तोवर लिहून काढ. त्यानं दोनशे पानी वही भरली. पेरणीच्या दिवसात ती वही अख्ख्या गावात फिरायची आणि नाही आली परत तर सुदाम माझ्याकडं तक्रार घेऊन यायचा.

मी म्हटलं, "सुभद्रा, हे आमच्या नियमात नाही."

ती म्हणाली, "तुमचा नियम बाजेवर चालवा. फाटक माहं हाय."

मॅडम तिला रागावायला गेल्या होत्या. सुभद्रानं त्यांना खालून वर पाहिलं आणि म्हणाली, पोरी, तू सकाळची भाकर खात नाहीस, म्हणून तुले समद्यायचा राग येते. मॅडम पेला हातात घेऊन उभ्याच. अहवालात त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही. पण नंतर त्या आल्या की ओसरीत पाच मिनिटं थांबायच्या आणि फाटकापाशी अर्धा तास.

तिचा सल्ला न घेणारा एकच क्लायंट, तो म्हणजे उत्तम कंडक्टर. एसटीतून रिटायर झालेला, माझ्याच वयाचा, अंगानं जाड. सहा वर्षं दर मंगळवारी दहा वाजता. त्याचं आणि भावाचं दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका लिंबाच्या झाडावरून बोलणं बंद होतं. झाड कधीचंच वाळून पडलं, बोलणं सुरू झालं नव्हतं. उत्तमचा एकच प्रश्न, भावाशी बोलू का नको? मी म्हणे, तुला बोलावंसं वाटतं आणि कमीपणाही वाटतो. तो म्हणे, ते मला माहीत आहे, तू बोल म्हण नाही तर नको म्हण. मी म्हणे, मी सांगावं असं तुला वाटतं. तो कपाळावर हात मारून घ्यायचा. चाळीस मिनिटं झाली की मी सांगायच्या आत तोच घड्याळ पाहायचा आणि बोटातल्या अंगठीनं बाजेच्या चौकटीवर दोन टकटक मारायचा. गाडी सुटायची डबल बेल. मी मधेच विषयाच्या बाहेर गेलो तर एकच टक. म्हणजे थांब. पहिल्याच मंगळवारी सुभद्रानं फाटकापाशी त्याला सांगितलं होतं की बोला ना भावाशी. तो म्हणाला, वहिनी, तुम्ही चांगल्या म्हणून सांगता. हा सांगत नाही, म्हणजे त्यात काहीतरी असंल. याच्या तोंडून ऐकल्याबिगर मी बोलणार नाही. सुभद्रा घरात येऊन मला म्हणाली, तुमच्या गप बसण्यानं एक भाऊ मरेपर्यंत वाट पाहीन. मी म्हणालो, ते त्याचं त्याला सापडलं पाहिजे. मला तेव्हा माझ्या नियमाचा फार अभिमान होता.

आणि घरात मी काय करायचो? घरात मी हुकूम सोडायचो. मीठ कमी टाक. ते गाठोडं तिथं नको ठेवू. लेकीला फोन कर, आता नको, मग कर. सुभद्रानं काही म्हटलं की तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार. ती म्हणायची, बाहेरच्याले ऐकता, मले सांगता. माहा नंबर कव्हा लागीन? मी म्हणायचो, घरच्या माणसाला क्लायंट करता येत नाही, तसा नियम आहे. नियम खरंच आहे. पण मी तो ढालीसारखा वापरला हेही खरं आहे.

म्हणून त्या सोमवारी माझ्या तोंडून ते वाक्य कसं निघालं मला आजही सांगता येत नाही. आदल्या आठवड्यात तिनं दोन-तीनदा तेच ऐकवलं होतं, ते मनात असेल. किंवा दोरी ओढताना हात गुंतलेले होते म्हणून असेल. हात गुंतले की मी ऐकतो.

ती म्हणाली होती, नंबर लागला म्हणायचा. मग फेरा धरूनच सांगू लागली. शनिवारपासून होते. हंडा उचलला की होते, बसलं की जाते.

मी म्हणालो, हंडा उचलला की होते.

ती म्हणाली, "भेव बी वाटते जराक."

मी म्हणालो, "तुले भेव वाटते."

तिचं तोंड असं झालं की मला लग्नातली सुभद्रा दिसली. म्हणाली, हे तुम्ही बाजेवरच्या लोकायले रोज देता? आणि मले भाकरी थापायले ठेवलं? मग ती बोलतच राहिली. अर्धा-पाऊण तास. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला भाजीवरून बोललो होतो, मला आठवतही नव्हतं. त्या दिवशी ती गाठोडं घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिली होती, माहेरी जायला, परत न यायला. गाडी आली. तिनं हात केला. गाडी थांबलीच नाही, भरलेली होती. दुसरी गाडी संध्याकाळी. तोवर उन्हात उभं राहायचं म्हणून घरी आली आणि स्वयंपाक केला. पंचेचाळीस वर्षं मला माहीत नव्हतं.

"ते गाडी थांबली असती," ती म्हणाली, "त आज तुम्ही एकटेच बाज ताणून राह्यले असते."

मला इतकं हसू आलं की दोरी सुटली. ती ओरडली, मी धरलं हाय, ओढा. अजून तीन फेरे राहिले होते. ती म्हणाली, थांबा, आधी चहा टाकते, मंग गाठ मारू. आत गेली. चहाचं भगुणं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं भगुणंच पडलं.

शेजाऱ्याच्या जीपमधून दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, त्रास कधीपासून? शनिवारपासून. तुम्हाला कधी कळलं? मी म्हणालो, सात वाजता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पाहिल्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारी नांदुऱ्याहून लेक लता आली आणि ऊन उतरताना आम्ही सुभद्राला नेलं.

दुसरा दिवस मंगळवार. सकाळी सातपासून अंगण भरलं. अकरा वर्षं ज्या ओसरीत कोणी कोणाला सल्ला दिला नव्हता तिथं दोन तासांत मला चाळीसेक सल्ले मिळाले. रडा, मन मोकळं करा. रडू नका, तिच्या जिवाला त्रास होतो. चहा घ्या. सुतकात चहा घेऊ नका, काळा घ्या. लेकीकडं नांदुऱ्याला जा. घर सोडू नका. बकरी इका. बकरी इकू नका, तिच्या हातची आहे. माझा चुलतभाऊ म्हणाला, ही बाज बाहेर काढा, गेलेल्या माणसाची ठेवत नाहीत. दुसरा म्हणाला, ती बाजेवर नाही गेली, चुलीपाशी गेली, मग काय चूल बाहेर काढता का? त्यावर दोघांचं भांडण लागलं. बाज तशीच होती. तीन फेरे ढिले, गाठ नाही.

बरोबर दहाला उत्तम कंडक्टर फाटकातून आत आला. त्याला कळलं होतं, गावात कोणाला कळलं नव्हतं असं नाही. तो गर्दीतून वाट काढत सरळ ओसरीत आला, कोणाशी बोलला नाही, आणि बाजेवर बसला. बाज खाली गेली. तो गेला तो जमिनीला टेकला, गुडघे छातीपाशी आले, दोन्हीकडून दोरी वर आली. म्हातारा माणूस झोळीत घातल्यासारखा दिसत होता. कोणी हसलं नाही, कोणाची उठवायची हिंमत झाली नाही. त्यानं घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी सवयीनं पाटावर बसलो.

त्यानं काही विचारलं नाही. मग मीच म्हणालो, "मी तिले दवाखान्यात नेलं नाही."

सगळं अंगण एकदम बोललं. तुमचा काय दोष. तिचं तेवढंच होतं. देवाचं बोलावणं. नशीब. भरल्या कपाळानं गेली. उत्तमनं अंगठीनं बाजेच्या चौकटीवर एकच टक मारली. सगळे थांबले.

मग तो म्हणाला, "तू तिले नेलं नाही."

बस एवढंच. नाही म्हणाला की तुझी चूक नाही. आहे असंही नाही म्हणाला. माझं वाक्य त्यानं माझ्यापुढं ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. त्याच्याकडून हे शिकवलेलं काम मला मिळेल असं सहा वर्षांत वाटलं नव्हतं. मी रडलो. किती वेळ ते माहीत नाही, त्यानं घड्याळ पाहिलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं, छातीचं, मी परत दिलेल्या वाक्याचं, फाट्यावरच्या गाडीचंही. गाडीचं ऐकून तो फार गंभीर झाला. म्हणाला, त्या साली मी अजून नोकरीला लागलो नव्हतो, दगडू. ती गाडी माझी नव्हती.

मी म्हणालो, मला माहीत आहे.

 मग उत्तम छातीवर हात ठेवून म्हणाला, "मले बी धडधडते बे. दोन मैने झाले. दर मंगळवारी म्हणतो सांगू, आन् भावाच्या नादात राहूनच जाते."

माझं तोंड उघडलं. 'तुले बी धडधडते', हे जिभेवर आलं होतं. अकरा वर्षांची सवय.

मी तोंड मिटलं आणि उठलो. चुलीतला विझलेला कोळसा आणला. कागदाच्या चौथ्या ओळीखाली भिंतीवरच लिहिलं, पाच, छातीत काही झालं तर. मला लिहायला वेळ लागतो, सगळे पाहत उभे होते. मग मी चप्पल घातली. चुलतभाऊ म्हणाला, दहा दिवस उंबऱ्याबाहेर जायचं नसतं. लतानं माझा रुमाल आणून दिला. उत्तमला बाजेतून उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला ओढलं तेव्हा तो निघाला.

फाटकापाशी आलो तर तो थांबला. सगळेच तिथं थांबत, सवय होती. तिथं कोणी नव्हतं. पेल्याची जागा रिकामी होती. तो माझ्याकडं पाहू लागला.

मी म्हणालो, "आधी दवाखाना. मंग भावाकडं जाय आन् बोल त्याच्याशी."

 मग त्यानं अंगठीनं फाटकावर दोन टकटक मारल्या आणि आम्ही निघालो.